सोलरचे गरम पाणी नळाला का येत नाही : थंडीआधीची घरगुती तपासणी

थंडी पडली की आपल्या मंडळींच्या घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘सोलरचे पाणी तापत नाही.’ आदिलाबाद हा तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कित्येकदा दहाच्या खाली जातो, एखाद्या वर्षी पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. उन्हाळ्यात हेच गाव चाळिसाच्या पुढे भाजून काढते, त्यामुळे वर्षातले आठ महिने सोलर हीटरकडे कोणाचे लक्ष नसते. लक्ष जाते ते नेमके गरज असेल त्या दिवशी, आणि त्या दिवशी मिस्त्री मिळत नाही.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असेच झाले. गच्चीवर दोन पॅनलांचा, २०० लिटरचा हीटर. मार्गशीर्षात पाणी एकाएकी कोमट येऊ लागले. दुरुस्तीवाला आला, गच्चीवर पाच मिनिटे उभा राहिला आणि म्हणाला, ‘दोन्ही पॅनल संपले, बदलावे लागतील.’ आम्ही विचार करायला वेळ मागितला. तोवर आईंच्या आंघोळीसाठी बादलीत विजेचा रॉड घालून पाणी तापवू लागलो. एका सकाळी बटण बंद करायचे राहिले आणि आईंनी पाणी किती तापले ते पाहायला बादलीत बोट घातले. झटका हलका होता, हात लगेच मागे आला, म्हणून निभावले. ८१ वर्षांच्या बाईच्या बाबतीत यापेक्षा काहीही होऊ शकले असते.

दोष पॅनलात नव्हताच. आईंसाठी नव्याने केलेल्या न्हाणीघरात हँड शॉवर लावला होता. त्याच्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ उघडे राहत होते, फक्त शॉवरच्या मुठीवरचे बटण बंद असायचे. त्या वाटेने गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरत होते आणि घरभर कोमट पाणी जात होते. दोन नळ फिरवले आणि दुरुस्ती झाली. खर्च शून्य.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक सवय अंगवळणी पडली आहे. हिशोब जुळत नसेल तर अख्खी वही फाडायची नसते, चूक कोणत्या पानावर आहे ते आधी शोधायचे असते. हा लेख त्याच पद्धतीने लिहिला आहे. बरेचसे तपासणीचे काम घरच्या माणसाला हाताने आणि डोळ्यांनी करता येते. हत्यार लागलेच तर एक साधा थर्मामीटर पुरे. तापाचा नको, स्वयंपाकघरात वापरतात तो, शंभर अंशांपर्यंत मोजणारा.

पाणी आपोआप कसे फिरते

आपल्यापैकी अनेकांच्या माहेरी, आजोळी तांब्याचा बंब होता. आमच्या घरच्या बंबाला वर नाळके होते. त्यातून गार पाणी ओतले की ते आतल्या नळीने तळाशी जायचे आणि तितकेच कढत पाणी वरच्या तोटीतून घंगाळात पडायचे. गार पाणी जड म्हणून खाली, गरम पाणी हलके म्हणून वर, एवढेच त्यातले शास्त्र. सोलर हीटरही याच तत्त्वावर चालतो. पॅनलातल्या तांब्याच्या नळ्यांत पाणी तापते, हलके होते, वरच्या नळीने टाकीत चढते. टाकीच्या तळाचे गार पाणी खालच्या नळीने पॅनलात येते. पंप नाही, वीज नाही. अमेरिकेत क्लॅरन्स केंप यांनी १८९१ साली सोलर हीटरचे पेटंट घेतले, पण त्यांच्या हीटरात पाणी ज्या टाकीत तापे तिथेच राही आणि रात्री गार होई. कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ च्या सुमारास पॅनल आणि टाकी वेगळी केली, टाकीला उबदार वेष्टन दिले आणि सकाळपर्यंत पाणी गरम राहू लागले. आपल्या गच्चीवर आज आहे ती मांडणी मुळात तीच.

आता हा आकडा पाहा. १५ अंशांचे एक लिटर पाणी सुमारे ९९९ ग्रॅम भरते, ६० अंशांचे सुमारे ९८३ ग्रॅम. फरक फक्त १६ ग्रॅमचा. अर्धा मीटर उंचीच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत इतके गरम आणि दुसरीत इतके गार पाणी असले, तर पाणी फिरवणारा जोर होतो जेमतेम ८ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका. म्हणजे करंगळीच्या पेराच्याही निम्म्याएवढा. एवढ्याशा जोरावर दिवसभरात टाकीभर पाणी फिरते. म्हणूनच नळीला थोडा उलटा उतार पडला, वाकणात हवेचा एक बुडबुडा अडकला किंवा खाराचा थर बसला, की फिरणे थांबते. पॅनल ‘संपत’ नाही, अडते.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

‘पाणी तापत नाही’ ही तक्रार तीन निरनिराळ्या दोषांची असू शकते. पाणी खरोखरच तापत नसेल. तापत असेल पण पॅनलातून टाकीत फिरत नसेल. किंवा टाकीत गरम असूनही नळापर्यंत गरम पोचत नसेल. आमच्या पाहण्यात या तिसऱ्या जातीच्या तक्रारी सर्वांत जास्त आल्या, आणि नेमक्या त्याच वेळी लोकांना नवीन पॅनल घ्यायला सांगितले जाते.

निवाडा करायला एक स्वच्छ उन्हाचा दिवस घ्या. त्या दिवशी सकाळच्या आंघोळी उरकल्यावर गरम पाणी वापरू नका. दुपारी तीनच्या सुमारास गच्चीवर जा. टाकीतून घरात उतरणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला टाकीच्या अगदी जवळ फडक्यातून हात लावा, आणि घरात कोणाला तरी गरम नळ दोन मिनिटे सोडायला सांगा. पाइप चटका देण्याइतका तापला तर टाकीत पाणी गरम आहे, दोष खाली घरात शोधायचा. पाइप कोमट राहिला तर पॅनलाच्या वरच्या नळीला हात लावून पाहा. ती कढत असेल आणि टाकी कोमट असेल तर पाणी फिरत नाही. दोन्ही कोमट असतील तर ऊनच पोचत नाही, किंवा काचेवर धूळ आहे.

या निवाड्याआधी घरात माणसे किती आहेत तेही मोजा. १०० लिटरचा हीटर तीन-चार माणसांच्या आंघोळीपुरता असतो. लग्नाघरी पंधरा पाहुणे उतरले आणि सहाव्या माणसाला गार पाणी आले, तर त्यात हीटरचा दोष नाही. जितके गरम पाणी निघते तितके गार पाणी लगेच तळाशी येते, आणि ते तापायला पुढचा दिवस उजाडावा लागतो.

टाकीत गरम, नळाला कोमट

गरम आणि गार पाणी ज्या ज्या ठिकाणी एकत्र येते ती सगळी ठिकाणे एका कागदावर लिहून काढा : शॉवरचे मिक्सर, बेसिनचा एकदांडी नळ, स्वयंपाकघरातला मिक्सर, वॉशिंग मशीनचे जोड, जुन्या गिझरची बायपास लाइन. यांपैकी कोठेही दोन्ही बाजू आतून एकमेकींना खुल्या राहिल्या, तर गार पाणी गरम पाइपात शिरते. कारण सोपे आहे. गार पाणी गच्चीवरच्या टाकीतून सरळ खाली येते, गरम पाण्याला हीटरच्या टाकीतून वळसा घालून यावे लागते. त्यामुळे नळाशी गार बाजूचा दाब जरा जास्त पडतो. त्यात गार लाइनला प्रेशर पंप बसवला असेल तर बोलायलाच नको. आणि दोष एका न्हाणीघरात असला तरी परिणाम सगळीकडे दिसतो. स्वयंपाकघरात गरम नळ सोडला की वरच्या मजल्यावरच्या मिक्सरमधून गार पाणी ओढले जाते. म्हणूनच घरातली माणसे नळाला दोष न देता हीटरला देतात.

याची कसोटी अशी : हीटरच्या टाकीत गार पाणी नेणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा. मग घरात फक्त गरम नळ सोडा. टाकीत पाणी येणे बंद झाले, म्हणजे नळाला थोडे पाणी येऊन धार थांबली पाहिजे. धार दोन-तीन मिनिटांनंतरही चालूच राहिली, तर ते पाणी गार लाइनमधून येते आहे. आता एकेका मिक्सरखालचा छोटा अँगल कॉक बंद करत चला. ज्याच्या बंद होण्याने धार थांबेल, तो गुन्हेगार. तपास झाला की वरचा व्हॉल्व्ह आठवणीने पुन्हा उघडा. नाहीतर दुसऱ्या दिवशी वेगळीच तक्रार घेऊन बसाल.

एकदांडी नळाच्या आतले काडतूस झिजल्यानेही असेच होते. ते बदलायला फारसा खर्च येत नाही. हँड शॉवर मुठीवरच्या बटणाने बंद करायची सवय मात्र सोडावी, खालचे नळच बंद करावेत. पाहुणे, लहान मुले ही सवय पाळतीलच असे नाही. म्हणून अशा मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून घेतलेला बरा.

प्रेशर पंपाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडच्या बहुतेक सोलर टाक्यांना वर उघडी हवेची नळी असते, तिला मिस्त्री व्हेंट म्हणतात. अशी टाकी पंपाच्या दाबाखाली घालता येत नाही. पाणी व्हेंटमधून उडेल किंवा टाकीचा सांधा फुटेल. गरम पाण्याला जोर हवा असेल तर पंप टाकीच्या पुढे, गरम लाइनवर बसवतात, आणि तोही गरम पाणी सोसणारा असावा लागतो.

मग लांबीचा प्रश्न. गच्चीपासून तळमजल्याच्या मोरीपर्यंत १५ मीटर पाइप असेल, तर अर्धा इंची पाइपात सुमारे दोन लिटर आणि पाऊण इंची पाइपात साडेतीन-चार लिटर पाणी उभे असते. रात्रभरात ते गार होते. नळ सोडल्यावर तेवढे गार पाणी आधी येणारच, तो दोष नव्हे. वेगळ्या बादलीत धरून धुण्याभांड्याला वापरावे. पाइपावर फोमचे वेष्टन घातले की हा त्रास कमी होतो, विशेषतः गच्चीवरच्या उघड्या तुकड्याला. पाइप सीपीव्हीसीचा किंवा जीआयचा असावा. पैसे वाचवायला कोणी साधा पांढरा पीव्हीसी पाइप घातला असेल तर तो गरम पाण्याने मऊ पडून लोंबतो, आणि जिथे लोंबतो तिथे हवा अडकते.

गरम नळाला पाणी येतच नाही

यात तीन-चार कारणे आहेत, सगळी स्वस्त. गार पाण्याची टाकी रिकामी झाली की हीटर काठोकाठ गरम पाण्याने भरलेला असूनही नळ कोरडा राहतो. पुन्हा बंब आठवा : वरून गार ओतल्याशिवाय तोटीतून गरम येत नसे. गार टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर असावा. वरच्या मजल्याचे बांधकाम झाल्यावर हीटर उचलून उंचावर ठेवला आणि काळी टाकी होती तिथेच राहिली, असे आम्ही दोन घरांत पाहिले. टाकी भरलेली असेपर्यंत पाणी येते, अर्धी झाली की बंद. रोज सकाळी सातनंतरच गरम पाणी जाते अशी तक्रार असेल तर आधी हे पाहा.

दुसरे कारण हवा. गरम पाइप टाकीतून निघून कठड्यावरून वर चढून मग खाली उतरला असेल, तर त्या उंचवट्यावर हवा साठते. उन्हाळ्यात पाणीटंचाईत टाकी कोरडी पडून पुन्हा भरली की हे हमखास होते. त्यावर घरगुती उपाय आहे. एखाद्या मिक्सरचे गरम-गार दोन्ही नळ पूर्ण उघडा, तोंडाशी तळहात घट्ट दाबून अर्धा-एक मिनिट धरा. गार पाणी उलटे वर जाऊन हवेला टाकीकडे ढकलते आणि ती व्हेंटमधून निघून जाते. म्हणजे ज्या दोषाने आमचे पाणी बिघडले, तोच इथे मुद्दाम करून कामाला लावायचा. वारंवार असे होत असेल तर त्या उंचवट्यावर छोटी हवेची नळी काढून घ्यावी.

तिसरे, गार पाण्याच्या वाटेवरचा एनआरव्ही. त्यात खारा कचरा अडकून तो बंद अवस्थेत चिकटतो, मग टाकीत पाणीच येत नाही. उलट तो उघडा चिकटला तर हीटरचे गरम पाणी मागे काळ्या टाकीकडे सरकते. सकाळी गार नळाला कोमट पाणी येत असेल तर हेच कारण.

व्हेंटविषयी मात्र हयगय नको. ही नळी गार टाकीच्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच असावी आणि तिचे तोंड कायम उघडे असावे. तिच्यातून पाणी ठिबकते म्हणून कोणी तिला बूच मारतात. असे कधीही करू नये. उन्हाळ्यात वाफ झाली तर निघायला जागा राहत नाही, आणि पाणी उतरताना हवा आत आली नाही तर आतली पातळ पत्र्याची टाकी चेपते. ठिबकण्याचा खरा इलाज नळी उंच करणे हा आहे.

पॅनल कढत, टाकी गार

हा खरा फिरण्याचा दोष. पॅनलातून टाकीत जाणारी वरची नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढती हवी. मध्ये कोठेही पोट पडलेले किंवा उंटासारखी पाठ आलेली नको. डोळ्यांनी अंदाज येत नसेल तर गवंड्याचा पाणसळ लावा. स्टँडचा एक पाय गंजून खचला, माकडांनी पाइपावर उड्या मारल्या, गच्चीला वॉटरप्रूफिंग करताना कामगारांनी हीटर सरकवला, एवढ्यानेही उतार बिघडतो.

उतार ठीक असेल तर हवा काढून पाहा. हे काम सकाळी, ऊन चढण्याआधी, पॅनलावर जाड चादर टाकून करावे. भर दुपारी त्यातले पाणी ऐंशी अंशांच्या वर असू शकते आणि भाजते. पॅनलाच्या खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचे बूच किंवा कॉक असतो. गार पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवून तो सोडा. आधी फुर्रफुर्र करत हवा-पाणी येईल, मग अखंड धार लागेल. दोन-तीनदा बंद-चालू करून धार सारखी झाली की बंद करा. दुपारी पुन्हा हात लावून पाहा. वरची नळी गरम, खालची तिच्यापेक्षा स्पष्टपणे गार, आणि टाकी हळूहळू तापते आहे, असे असेल तर पाणी फिरू लागले.

निचऱ्यातून पांढरी-पिवळी कणी आली तर खार आहे असे समजा. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते तापले की त्यातला चुना नळ्यांना चिकटतो, आणि जितके जास्त तापते तितका जास्त चिकटतो. ज्या घरात महिन्याभरात कुकरच्या तळाला पांढरा थर येतो, तिथे पॅनलातल्या बोटभर जाडीच्या तांब्याच्या नळ्यांतही तेच चालले आहे. खार काढायचे काम माहीतगाराकडून करून घ्यावे. संडास धुण्याचे ॲसिड आत ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, त्याने तांबे आणि स्टील दोन्ही खाऊन जाते. नवीन हीटर घेणाऱ्यांनी जड पाण्यासाठी हीट एक्स्चेंजरचा प्रकार विचारावा. त्यात पॅनलातून फिरणारे पाणी वेगळे आणि बंद असते, बोअरचे पाणी पॅनलात जातच नाही. किंमत जास्त पडते, पण आमच्या मते आपल्या भागात तोच सरळ हिशोब आहे.

काचेच्या नळ्यांचा हीटर असेल तर नियम थोडे वेगळे. तिथे पाणी नळीतच तापून थेट टाकीत चढते, त्यामुळे अडण्याचे प्रमाण कमी. पण खार नळीच्या बुडाशी साचतो आणि वर्षा-दोन वर्षांनी नळ्या काढून धुवाव्या लागतात. नळीच्या टोकाशी आरशासारखा चंदेरी भाग असतो. तो पांढरा पडला तर आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलावी. एक पथ्य फार महत्त्वाचे : टाकी कोरडी पडली असेल तर दुपारी उन्हात गार पाणी सोडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडून नळ्या तडकतात. संध्याकाळ होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे भरा.

संध्याकाळी गरम, पहाटे कोमट

सपाट पॅनलाच्या हीटरात टाकीचा तळ पॅनलाच्या वरच्या कडेपेक्षा साधारण फूटभर उंच असावा लागतो. तो नसेल तर रात्री उलटा कारभार सुरू होतो. निरभ्र आकाशाखाली पॅनल गारठते, त्यातले पाणी जड होऊन खाली सरकते आणि टाकीतले गरम पाणी वरच्या नळीने पॅनलात येऊन गार होते. दिवसभराची कमाई रात्री खर्च. रात्री दहा वाजता पॅनलाच्या वरच्या नळीला हात लावा. ती गरम लागली तर हाच दोष. याशिवाय टाकीच्या वेष्टनात पावसाचे पाणी शिरले असेल, किंवा एखादा गरम नळ रात्रभर गळत असेल. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी रात्रीत चार-पाच लिटर जातात आणि पाइप सतत उबदार राहतो.

हिवाळ्याची सावली

एप्रिलमध्ये उत्तम चालणारा हीटर डिसेंबरात का रुसतो, याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्या भिंतीत असते. आदिलाबाद साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. २१-२२ डिसेंबरला भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा सव्वानऊ फूट पडते, सकाळी नऊला तर कितीतरी लांब. दक्षिणेला शेजाऱ्यांचा नवा मजला चढला, कडुनिंब वाढला, तर उन्हाळ्यात काही कळत नाही, हिवाळ्यात कळते. पॅनलाचे तोंड दक्षिणेला आणि कल ३० ते ३५ अंशांचा ठेवतात तो याच खालच्या उन्हासाठी. शिवाय कापसाच्या हंगामात जिनिंगकडची तूस आणि रस्त्याची धूळ काचेवर बसते. आठवड्यातून एकदा पहाटे ओल्या फडक्याने पुसावे. तापलेल्या काचेवर बादली रिकामी करू नये.

विजेची कांडी, रॉड आणि गॅस गिझर

ढगाळ दिवसांसाठी बहुतेक टाक्यांत विजेची कांडी बसवलेली असते. खाराने तिचे आवरण फुटले की करंट पाण्यात उतरतो. तिला चांगले अर्थिंग आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचे गळती-संरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, असल्याशिवाय ती चालू करू नये. आंघोळीला जाण्याआधी बटण बंद. बादलीतल्या रॉडविषयी आमचा अनुभव वर लिहिलाच आहे. लोखंडी बादली, ओली फरशी आणि वृद्ध माणूस हे तिन्ही एकत्र आले की धोका किती ते वेगळे सांगायला नको. वापरावाच लागला तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नाही.

सोलर बिघडला म्हणून कित्येकांनी गॅस गिझर न्हाणीघरातच लावून घेतले आहेत. बंद खोलीत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळीचा माणूस बेशुद्ध होईपर्यंत बाहेर कळत नाही. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. ज्यांच्या घरी तो आत आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो हलवण्याची व्यवस्था करावी.

दोष दुरुस्त झाल्यावर पाणी नेहमीपेक्षा फार गरम येऊ लागते हेही लक्षात असू द्या. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम नातवंडांनाही शिकवावा.

मुलांच्या घरी

पुण्या-हैदराबादच्या उंच इमारतींत गरम पाणी छोट्या पंपाने सतत पाइपातून फिरवत ठेवतात आणि उरलेले परत टाकीत आणतात. तिथे पहाटे गार पाणी येत असेल तर पंपाचा टायमर आणि परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह पाहायला सांगावे. एकाच विंगला गरम येत नसेल तर त्या विंगच्या परतीच्या पाइपात हवा असते किंवा व्हॉल्व्हचे संतुलन बिघडलेले असते.

युरोप-अमेरिकेत ज्यांची मुले आहेत, त्यांच्या घरी हेच फिरते पाणी खोल्या गरम करते. बॉयलर, पंप आणि भिंतीला रेडिएटर. थंडीत तिकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांना एकच खोली गार का, असा प्रश्न पडतो. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे. पंप बंद करून, रेडिएटर निवल्यावर, वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने किंचित सैल करायचा आणि पाणी दिसताच आवळायचा. खालून गार असेल तर गाळ साचला आहे, ते तंत्रज्ञाचे काम. हवा काढल्यावर बॉयलरचा दाब कमी होतो. थंड असताना काटा साधारण एक ते दीड बारवर हवा.

गावाला जाताना

महिनाभर मुलांकडे जायचे असेल तर पॅनलावर ताडपत्री बांधून जा, पण गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करू नका. पाणी आटून पॅनल कोरडे तापणे सर्वांत वाईट. परत आल्यावर टाकीतले जुने कोमट पाणी पूर्ण सोडून द्या. कोमट आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, ते पाणी शॉवरने अंगावर घेऊ नये.

आम्ही आता दरवर्षी कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे अभ्यंगस्नानाच्या गडबडीआधी, गच्चीवर जातो. दुपारी तीन वाजता टाकीजवळच्या पाइपाचे, पॅनलाच्या वरच्या-खालच्या नळ्यांचे आणि मोरीतल्या नळाचे तापमान घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवतो. गेल्या कोजागिरीला मोरीतल्या नळाला ५८ अंश होते. मिस्त्रीला बोलवायची वेळ आली तर त्याच्या हातात आधी ती वही देतो.